‘दोन’ म्हण, वेंडेल

ब्रॅडिशच्या स्टेडियमसमोर डेल कॅरदर्सचा ब्राँझचा पुतळा आहे. उजवा हात मागे खेचलेला, हातात चेंडू, हनुवटी वर, नजर लांब. खाली कोरलं आहे, ‘ज्याने हॅमर्सना अजिंक्य केलं’. बाजाराला जाताना मला त्याच्यासमोरून जावं लागतं आणि दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. या माणसाच्या हातात चेंडू आला कुठून? आभाळातून पडला?

चेंडू माझ्या भावाने दिला. दर वेळी त्यानेच दिला.

वेंडेल ह्राबचाक हॅमर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा सेंटर होता. सेंटरने ओळीच्या मधोमध चेंडूवर ओणवं व्हायचं, क्वार्टरबॅक मागून हाक देईल तेव्हा दोन पायांमधून तो त्याच्या हातात द्यायचा, आणि चेंडू सुटला त्याच क्षणी समोरच्या धटिंगणाला अंगावर घ्यायचं. क्वार्टरबॅक मागे सरकतो, बघतो, फेकतो, लोक उभे राहून ओरडतात. तोवर सेंटरचं डोकं कुणाच्या तरी हेल्मेटवर आपटलेलं असतं. तिकडे कुणी बघत नाही. चेंडू गेला की लोकांचे डोळे चेंडूबरोबर जातात.

आमचे वडील पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. गल्लीतल्या सगळ्यांचेच वडील तिथे होते. वेंडेल माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, अंगाने लहानपणापासून थोराड आणि स्वभावाने गाईसारखा. एकदा वडिलांनी त्याला शिडी धरायला सांगितली, छपरावरून उतरले आणि विसरून जेवायला बसले. ताट वाढलं तरी वेंडेलचा पत्ता नाही. मी मागच्या अंगणात गेले तर हा तसाच शिडी धरून उभा.

“अरे, बाबा जेवायला बसलेसुद्धा!”

“मला कुठे कुणी ‘पुरे’ म्हटलं?” तो म्हणाला.

शाळेतल्या सिस्टर लुडमिला म्हणायच्या की हा मुलगा एक तर संत होईल नाहीतर कुणीतरी याला वापरून घेईल. मिरवणुकीतला जड क्रूस इतर मुलं आळीपाळीने उचलत, याच्या खांद्यावरून तो उतरतच नसे. सिस्टरचं निम्मं भाकीत खरं ठरलं. कुठलं निम्मं, ते सांगायला नको.

हॅमर्सनी त्याला घेतलं तेव्हा गल्लीने त्याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी क्वार्टरबॅक म्हणून डेल आला. दक्षिणेतल्या कुठल्याशा शेतावरचा, लांब हातांचा, गोड बोलणारा. पहिल्या हंगामात त्याच्याकडे राहायला जागा नव्हती म्हणून वेंडेलने त्याला आमच्या वरच्या खोलीत आणून ठेवलं. माझ्या आईने त्याला कोबीच्या पानांत भात आणि खिमा गुंडाळून शिजवलेल्या होलुब्की खाऊ घातल्या, त्याचे मोजे रफू केले, आणि महिन्याभरात तोही तिला आमच्यासारखंच ‘मामका’ म्हणू लागला. ती त्याला ‘माझा लेक’ म्हणायची. मी हे मुद्दाम लिहिते आहे. परक्याने परक्यासारखं वागलं तर राग येत नाही.

मग ती वर्षं आली. विजेतेपद, पुन्हा विजेतेपद, एक वर्ष हुकलं, की पुन्हा सलग. पूर्वेकडची मोठी शहरं आमच्या धुराने काळ्या पडलेल्या गावाला घाबरू लागली. रविवारी फादर प्रवचन आवरतं घ्यायचे, कारण एक वाजता सामना असे आणि देवालाही ते ठाऊक असावं. सलूनमध्ये, खाटकाकडे, अगदी सेंट सिरिल चर्चच्या सभागृहात पोपच्या तसबिरीशेजारी डेलचा फोटो लागला. त्या फोटोत डेलची जर्सी पांढरीशुभ्र आहे. सगळे चिखलात लोळलेले आणि हा एकटा परीटघडीचा. लोक त्याचं कौतुक करत, की बघा, याला कुणी हातसुद्धा लावू शकत नाही. ते कौतुक कुणाचं करायला हवं होतं?

वेंडेलला मात्र त्याचंच भूषण. सामना संपवून घरी आला की कान सुजलेला, बोटं वाकडी झालेली, आणि पहिला प्रश्न, “टिली, डेलची जर्सी स्वच्छ होती ना?”

सामन्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात मेळा भरायचा. वेंडेलच्या उजव्या हाताला खेळणारा लुशस टॉलिव्हर, ओळीच्या टोकाला खेळणारा लो गॅसपॅरो, डेल, बिअरच्या बाटल्या, आणि वेंडेलची बायको युस्टीना चुलीपाशी.

“वेंडेल,” लो एकदा म्हणाला, “तुझ्या बायकोने लावला नसेल तेवढा हात या डेलने लावलाय रे तुझ्या पार्श्वभागाला!”

“डेलचे हात गरम तरी असतात,” युस्टीना वळूनही न बघता म्हणाली. “तुझी बायको सांगत होती तुझे कसे असतात ते.”

लुशस हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. असे दिवस होते. नव्हते असं मी म्हणत नाही.

त्याच स्वयंपाकघरात मी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली. डिसेंबरातला अंतिम सामना, जमीन दगडासारखी गोठलेली. वेंडेलच्या डोक्याला असा मार बसला की तो उभा होता पण उलट्या बाजूला तोंड करून. त्याला बाकापाशी नेलं.

“डॉक्टरने नाकासमोर बोटं धरली,” वेंडेल रंगवून सांगत होता. “मला कसली बोटं दिसतायत! नुसतं धुकं. तेवढ्यात मागून डेल कानात म्हणतो, ‘दोन म्हण, वेंडेल.’ मी म्हटलं, दोन. डॉक्टर म्हणाला, शाब्बास, जा आत!”

“डॉक्टर दोनच दाखवतो,” डेल ब्रेडने रस्सा पुसत म्हणाला. “नेहमी दोन. सगळ्या लीगला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे की आपल्याला ठाऊक आहे!”

सगळे खदखदून हसले. आई हसली नाही. तिने पळी खाली ठेवली.

“आणि उरलेला सामना कोण खेळलं?”

“मीच की, मामका.”

“कसा खेळलास?”

“ते नाही आठवत,” वेंडेल म्हणाला. “पण जिंकलो ना!”

आई डेलकडे बघत राहिली. डेलने बशी पुढे केली आणि अजून दोन होलुब्की मागितल्या. तिने वाढल्या.

डेलने खेळ सोडला तेव्हा गाव रडलं. त्याने नदीकाठी मोठं हॉटेल काढलं, क्लबने त्याला मानाची खुर्ची दिली. वेंडेल खेळायचा थांबला तेव्हा कुणाला कळलंही नाही. तो पुन्हा भट्टीवर जाऊ लागला, आणि भट्टी बंद पडली तेव्हा त्याची पन्नाशीही उलटली नव्हती. कारखान्याला कुलूप लागल्यावरही तो सकाळी डबा घेऊन निघायचा. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, सवय. मग एक दिवस पोलिसांनी त्याला आणून सोडलं. तो दिवसभर बंद फाटकासमोर पाळीची घंटा व्हायची वाट बघत बसला होता. मग तो ओव्हनमध्ये बूट ठेवू लागला. मला ‘मामका’ म्हणू लागला. आयुष्यात ज्याने घरात आवाज चढवला नाही त्याने युस्टीनाच्या अंगावर कढई भिरकावली आणि मग तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला, कारण कढई कुणी फेकली ते त्याला समजेना.

शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे डोक्यावरच्या माराने झालं आहे. सामने भरवणाऱ्या लीगने तेवढं मान्य केलं तर तिच्या खर्चाने सांभाळायला घरी नर्स मिळणार होती. नाही केलं तर डोंगरापलीकडचं काउंटीचं सरकारी गृह, जिथे म्हाताऱ्यांना खुर्च्यांना बांधून ठेवतात. युस्टीना शाळेच्या स्वयंपाकघरात राबत होती, तिला हा सव्वाशे किलोचा माणूस एकटीने आवरेना.

आमच्या अर्जाला लीगचं उत्तर आलं. नोंदींप्रमाणे श्री. ह्राबचाक यांना एकदाही डोक्याची दुखापत झालेली नाही. प्रत्येक वेळी मैदानावर तपासणी झाली, प्रत्येक वेळी खेळाडू शुद्धीवर होता, प्रत्येक वेळी त्याने बरोबर उत्तर दिलं.

बरोबर उत्तर! सिस्टर लुडमिलांनी आम्हाला शिकवलं होतं की खोटं बोलण्याइतकंच पाप खोटं चालवून घेण्यात आहे. इथे तर खोट्यावर शिक्का मारून ते आम्हालाच परत पाठवलं होतं.

फेरविचार करणाऱ्या लीगच्या समितीपुढे बोटांची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती, आणि ज्याचं म्हणणं लीग टाळू शकणार नाही असा माणूस एकच होता. युस्टीना आणि मी डेलच्या हॉटेलात गेलो. भिंतीभर डेल. पांढरी जर्सी.

“युस्टी! टिली! बसा, बसा. काय घेणार? आज मासा मस्त आहे.”

“काही नको,” युस्टीना उभ्यानेच म्हणाली. “समितीपुढे एक वाक्य बोलायचंय. डॉक्टर दोनच बोटं दाखवायचा आणि तू त्याला ‘दोन म्हण’ सांगायचास. बस. एवढंच.”

डेलने आजूबाजूला बघितलं. “हळू बोल गं. ती थट्टा होती. पोरं होतो आपण.”

“त्यातलं एक पोरगं आता ओव्हनमध्ये बूट भाजतं.”

“मला वाईट नाही का वाटत? पण समजून घे ना. पुढच्या महिन्यात पुतळा बसतोय. क्लब, लीग, सगळे येणार. आत्ता मी तोंड उघडलं तर...” त्याने हात पसरले. “आणि खरं सांगू? मला नीट आठवतही नाही.”

“तुला आठवत नाही?” मी म्हणाले. “तुझं डोकं तर शाबूत आहे, डेल. ते कुणामुळे शाबूत आहे, तेवढं तरी आठवतं का?”

“तू पहिल्यापासूनच तिखट, टिली.” तो हसला. ते जुनं, गोड हसू. “पुतळ्याचं एवढं होऊन जाऊ दे. मग बघू. शब्द देतो.”

बाहेर आल्यावर युस्टीना म्हणाली, “मासा मस्त आहे म्हणे.” आणि नदीच्या कठड्यावरून थुंकली. मी तिला थांबवलं नाही.

समारंभाच्या आधी क्लबातल्या एका मुलीचा फोन आला. मिसेस ह्राबचाक यांनी अवश्य यावं, पुढच्या रांगेत जागा आहे. पण मिस्टर ह्राबचाक... गर्दी, आवाज... त्रास होईल.

“कुणाला होईल, त्याला की तुम्हाला?” युस्टीनाने विचारलं आणि फोन ठेवला. रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर तिने वेंडेलला दाढी करून, जुनं हॅमर्सचं जाकीट घालून आणला. चेन लागत नव्हती.

मंचावर जुन्या संघाची रांग होती. एक पोरगेलासा कर्मचारी आम्हाला अडवायला आला तसा लुशस खाली उतरला. काठी टेकत, पण अजून दरवाजाएवढा.

“हा माझ्या डाव्या हाताला उभा राहणार,” तो म्हणाला. “नेहमी राहिलाय. तुला जागा कमी पडत असेल तर तू जा घरी, बाळा.”

वेंडेल रांगेत उभा राहिला आणि ओळखीचं हसला. पडदा ओढला, पुतळा दिसला, बँड वाजला. डेल बदामी रंगाच्या लांब कोटात ध्वनिक्षेपकापाशी गेला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “डेल, हाक दे! एकदा हाक दे!” सगळ्यांनी ते उचललं.

डेलने मान मागे टाकली आणि तोच खणखणीत आवाज काढला. “तयार!... हट!”

एवढंच. लोक पिसाळल्यासारखे ओरडू लागले, आणि तो थांबून हसत हात हलवू लागला.

वेंडेल खाली गेला होता. गुडघे वाकवून, पाठ सपाट, दोन्ही मुठी मंचाच्या फरशीवर जिथे चेंडू असायला हवा तिथे टेकवून. आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या हाकेवर चेंडू सुटेलच असं नसतं. दुसरीवर की तिसरीवर ते आधी ठरलेलं असतं, आणि ती हाक येईपर्यंत सेंटर केसाएवढाही हलला तर सगळ्या संघाला दंड बसतो. वेंडेलच्या मनात कुठला आकडा होता देव जाणे. ती हाक आलेली नव्हती.

लोक हसले. टाळ्या पडल्या. “बघा!” डेल म्हणाला. “अजून माझ्याआधी तयार!”

वेंडेल तसाच. त्याचा चेहरा लाल झाला, हनुवटीवरून घाम टपकू लागला, मांड्या थरथरू लागल्या. लुशसने त्याच्या काखेत हात घातला. “ऊठ रे दोस्ता, झाला सामना.” वेंडेलने मान हलवली नाही. हललं तर दंड.

“डेल!” मी खालून ओरडले. “पुढचं म्हण! पुरं कर!”

त्याने ऐकलं. त्याने माझ्याकडे बघितलं, वेंडेलकडे बघितलं, कॅमेऱ्यांकडे बघितलं. चार पावलं मागे जाऊन, वाकून, दोन हात धरून एक शब्द बोलायचा होता. त्याने कोटाची कॉलर सारखी केली, पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे वळला आणि महापौरांचे आभार मानू लागला.

युस्टीनाने आपली पर्स माझ्या हातात दिली. ती मंचावर चढली, चांगल्या काळ्या पोशाखात, सगळ्या गावासमोर नवऱ्याच्या मागे वाकली, त्याच्याखाली हात धरले आणि ओरडली, “हट!” काही नाही. तिने श्वास घेतला. “हट!”

वेंडेलचे रिकामे हात सटकन मागे आले आणि तिच्या तळव्यांवर आपटले. तो पुढे झेपावला. समोर कुणी नव्हतं. लुशसने त्याला छातीवर झेलला.

“गेला?” वेंडेल धापा टाकत म्हणाला.

“गेला,” युस्टीना म्हणाली.

“डेल?”

“स्वच्छ आहे. डाग नाही.”

तेवढ्यात क्लबचा तरुण डॉक्टर धावत आला. भला मुलगा असावा, त्याला काही माहीत नव्हतं. त्याने वेंडेलच्या डोळ्यांसमोर हात धरला, चार बोटं ताठ. “सर, किती बोटं दिसतात?”

वेंडेल ताठ झाला. त्याने डॉक्टरच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. डेलकडे पाहून डोळा मारला आणि धर्मशिक्षणाच्या तासाला पाठ म्हणावा तसा खणखणीत म्हणाला, “दोन!”

लुशसने काठी बगलेत धरली आणि उजव्या हाताची दोन बोटं डेलच्या दिशेने उंच केली. मग लोने केली. मग रांगेतल्या एकेकाने. डेलचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पळायला जागा नव्हती.

पण गर्दीला वाटलं, ही विजयाची खूण. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि स्टेडियमपर्यंत पसरलेल्या त्या सगळ्या माणसांनी, बायकापोरांनी, हसत हसत दोन-दोन बोटं वर केली. बँडने हॅमर्सचं गाणं सुरू केलं. डेलने क्षणभर सगळीकडे बघितलं, त्याचं हसू परत आलं, आणि त्यानेही दोन बोटं वर केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तोच फोटो होता.

समितीपुढे डेल आला नाही. त्याला दक्षिणेत कुणाच्या तरी लग्नाला जावं लागलं. लुशस आणि लो आले, कोट-टाय घालून. लुशसने सगळं सांगितलं, बोटं, डॉक्टर, डेलचं कानात बोलणं. लीगच्या वकिलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मिस्टर टॉलिव्हर, आज कोणता महिना आहे?”

लुशसने आपल्या हातांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. मला उत्तर ठाऊक होतं आणि मला ते कानात सांगता येत नव्हतं.

साक्षीदारांची स्मरणशक्ती भरवशाची नाही, असं ठरलं. ज्या खेळाने त्यांची डोकी फोडली, त्याच फुटक्या डोक्यांचं कारण देऊन त्यांना खोटं पाडलं. मी पुष्कळ निर्लज्जपणा पाहिला आहे, पण इतक्या सभ्य आवाजातला तेवढाच.

वेंडेलला आम्ही डोंगरापलीकडे नेऊन ठेवलं. निघताना त्याने दाराची चौकट धरली आणि विचारलं, “कधीपर्यंत?” मला ती शिडी आठवली. त्याला तिथे कुणी ‘पुरे’ म्हणालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने म्हटलं.

सेंट सिरिलच्या पायऱ्यांवर त्या दिवशी अर्धवट वितळलेला बर्फ होता, काळा, चिखलासारखा. आत प्रार्थना संपली आणि शवपेटी उचलायला जुने सहकारी पुढे आले. डेलही आला होता. तोच बदामी कोट. कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला कुठे कुणी अडवतं? फोटोवाल्याला बघून तो पुढच्या कडीपाशी गेला आणि हात घातला.

युस्टीना त्याच्या आणि पेटीच्या मध्ये उभी राहिली.

“ही लुशसची जागा. तू मागे जा.”

“युस्टी, मला पण त्याला...”

“जन्मभर त्याच्या मागेच उभा होतास, डेल. आजच पुढे यायची हौस कशाला?”

“मी सांगायला हवं होतं,” तो हळूच म्हणाला. “तेव्हा.”

“मला माहीत आहे ते. मला कशाला सांगतोस? ज्यांना सांगायचं होतं ते इथे आहेत का?”

तो मागे गेला. लुशसने पुढची कडी धरली. काठी मी घेतली. पायऱ्या उतरताना म्हातारे घसरत होते, एकमेकांना सांभाळत होते, “हळू, हळू, डावीकडे,” म्हणत होते. खाली पोहोचलो तोवर लुशस, लो, सगळ्यांच्या विजारी गुडघ्यांपर्यंत काळ्या झाल्या होत्या. युस्टीनाचे बूट भरले होते. माझ्या झग्याची कड भिजली होती.

मी वळून बघितलं. डेल सगळ्यांच्या मागून, आम्ही मळवलेल्या वाटेवर जपून पाय टाकत येत होता. त्याच्या कोटावर चिखलाचा एक ठिपकाही नव्हता.